खुब्यांचा एक्स-रे आणि राहून गेलेले डोळे
वर्षभराच्या लॅब्रेडॉर मादीचा जळगावात एक्स-रे काढला, खुबे ठीक, म्हणजे मेटिंगला हरकत नाही, हे चर्चेतलं मत पटत नाही. ओएफए या कुत्र्यांचे सांधे तपासून दाखला देणाऱ्या अमेरिकी संस्थेचा कायमचा दाखला 24 महिन्यांनंतरच मिळतो, आधीचा निकाल प्राथमिक. माजाच्या आगेमागे तीन-चार आठवडे एक्स-रे टाळा, सांधा सैल दिसू शकतो. गुंगी देऊन, उताणं झोपवून, मागचे पाय सरळ आणि समांतर हवेत. कंबर जरा तिरकी झाली तरी एका बाजूचा खुबा उगाच उथळ दिसतो. (आपल्याकडच्या मे महिन्यात गुंगी सकाळी लवकरच द्यावी.)

डोळ्यांचं कुणी बोललंच नाही. बाहुली मोठी करणारे थेंब टाकून पडदा दरवर्षी तपासायला हवा, कारण पीआरए, म्हणजे हा पडदा हळूहळू निकामी करणारा आनुवंशिक आजार, उशिरा दिसतो. त्याच्या पीआरसीडी या प्रकाराची जनुकीय चाचणी मात्र एकदाच पुरते. मादी वाहक निघाली, म्हणजे सदोष जनुकाची एकच प्रत असून स्वतः आजारी न पडणारी, तर बाद करू नका, नर तेवढा चाचणीत निर्दोष ठरलेलाच निवडा.