विषय: शनिवारचा ‘चित्रांगदा’ आणि पोस्टरवरची ती ओळ

प्रेषक: प्रमोद (मूळ गाव परभणी)
प्रति: सर्व सभासद

मंडळी, नमस्कार.

शनिवारी सिनेमा निम्म्यात सोडून मी उठलो. गुडघ्याचं निमित्त सांगितलं, पण गुडघ्याला काही झालेलं नाही.

मी काही कर्मठ नाही. नाटकात पुरुषानं लुगडं नेसलेलं आपण पिढ्यान् पिढ्या पाहत आलो. पण ते कपडे असतात, रात्री उतरवून ठेवायचे. इथं तर गडी दवाखान्यात भरती होऊन छाती करून घ्यायलाय! वर आपल्या पोस्टरवर काय, तर ‘बाईपणाच्या सौंदर्याचा शोध’. ज्याला पाळी नाही, गर्भपिशवी नाही, ती बाई कशी होईल? सरळ प्रश्न आहे, कुणी सरळ उत्तर द्यावं.

आणि लहान मुलं हॉलमध्ये होती. ते निराळंच.

प्रमोद

---

प्रेषक: मेघना, सांस्कृतिक समिती

प्रमोदकाका, पोस्टरची ओळ माझी होती आणि ती भडक झाली, कबूल. मुलांसाठी शेजारच्या खोलीत चित्रकला ठेवली होती. ती तिथे थांबली नाहीत, हेही कबूल.

पण निम्म्यात उठलात त्यामुळे शेवट राहिला. ऋतुपर्ण घोष यांनी २०१२ मध्ये काढलेल्या या सिनेमात रुद्रची भूमिका त्यांनी स्वतःच केली आहे. रुद्र नृत्यदिग्दर्शक, टागोरांचं ‘चित्रांगदा’ बसवतोय. जोडीदाराला मूल हवं आहे आणि दोन पुरुषांना दत्तक मिळत नाही, म्हणून तो बाई व्हायला निघतो. ऑपरेशनं सुरू होतात, इकडे जोडीदारच निघून जातो. शेवटी रुद्र पुढचं ऑपरेशन करत नाही.

टागोरांच्या नाटकातही हेच दुखणं आहे. मणिपूरच्या राजानं मुलासारखी वाढवलेली चित्रांगदा अर्जुनासाठी मदनाकडून वर्षभराचं रूप मागून घेते आणि मग त्या उसन्या रूपाचाच तिला जाच होतो. म्हणजे काका, तुमचा प्रश्न सिनेमालाही पडलेला आहे.

मेघना

---

प्रेषक: सुनंदा (सध्या मुक्काम अंबाजोगाई)

काका, मी आईकडे आले आहे, त्यामुळे शनिवारचं हुकलं. पण मेघनानं पाठवलेली लिंक इथं लॅपटॉपवर लावली. बाहेर बेचाळीस डिग्री, कूलर घरघरतोय, त्यामुळे अर्धे संवाद कळलेच नाहीत. बंगाली असल्यानं तसंही फरक पडला नसता.

आमच्याकडे कामाला येणारी बाई दाराशी तूर निवडत बसली होती. छत्तिशीची असेल. दर साली दसरा-दिवाळीच्या सुमाराला नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी, म्हणून ऊसतोडणीला जातात. मजुरीची उचल आधीच घेतलेली असते. पाळी आली, अंग धरलं, म्हणून फडात गेली नाही तर खाडा, आणि खाड्याचा दंड. तिनं पंचविशीतच पिशवी काढली. तिच्या जावेनंही. ती हे दाढ काढल्यासारखं सांगते.

२०१९ मध्ये सरकारनं समिती नेमली, तेव्हा बीड जिल्ह्यात ऊस तोडणाऱ्या ८२,३०९ बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. काका, तुमच्या मापानं या तेरा हजार आठशे जणींना काय म्हणायचं? मी वाद घालायला विचारत नाहीये. तुमचं पत्र वाचलं तेव्हा ती समोर बसली होती, म्हणून आठवलं.

आता सिनेमाचं. रुद्र काय करायला निघालाय ते मी तिला थोडक्यात सांगितलं. ती म्हणाली, “ह्याला कामून बाई व्हायचंय? आधी मला इचार म्हनावं.” आम्ही दोघी हसलो. आईला मात्र हसू आलं नाही. पुढे रुद्रची आई त्याला ऐकवते ना, की हा देह माझ्यापासून झालाय, त्यात काही बदलणार असशील तर मला कळायला हवं? तिथे आईनं लॅपटॉप थांबवायला लावला. पाणी पिऊन आली, मग म्हणाली, लाव.

तूर निवडून झाल्यावरही बाई उठली नाही. रुद्रचे काजळ घातलेले डोळे जवळून दिसले तशी म्हणाली, “काजळ झ्याक घातलंय पन. मागं घे बरं जरा.” मी मागं घेतलं. दोनदा.

मेघना, पोस्टरची ओळ मला तितकी वाईट वाटली नाही.

सुनंदा

---

प्रेषक: अन्वर (मूळ गाव नांदेड)

मध्येच बोलतो, माफी असावी. आजोबांच्या जमिनीच्या कागदांवर फसली सन (निजामाच्या राज्यातलं महसुली वर्ष) असायचं, त्यामुळे एका जुन्या कायद्यावर १३२९ फसली हा आकडा वाचून मी दचकलो होतो. म्हणजे इसवी १९१९. त्या साली निजामाच्या राज्यात हिजड्यांविषयी कायदा झाला. त्यांची सरकारी नोंदवही ठेवायची. बाईच्या पोशाखात, दागिने घालून रस्त्यात दिसला किंवा नाचला-गायला, तर वॉरंटशिवाय अटक, दोन वर्षांपर्यंत कैद. आपला मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात. मराठवाडा पुढे इकडे आला, कायदा तिकडेच राहिला. तेलंगणा हायकोर्टानं तो २०२३ मध्ये रद्द केला. हो, २०२३!

त्याच्या नऊ वर्षं आधी, २०१४ मध्ये, सुप्रीम कोर्टानं सांगून टाकलं होतं की स्त्री की पुरुष की तृतीयपंथी हे ज्याचं त्यानं ठरवावं, त्यासाठी ऑपरेशनची अट घालता येणार नाही. काकांना सरळ उत्तर हवं होतं, म्हणून लिहिलं.

अन्वर

---

प्रेषक: प्रमोद

सुनंदा, तुझं पत्र दोनदा वाचलं. तेरा हजारांना काय म्हणायचं, याला माझ्याकडे उत्तर नाही. पिशवीचा मुद्दा मी मागे घेतो. ऑपरेशन अजूनही पचत नाही, ते खोटं कशाला सांगू.

एक मात्र आठवलं. आमचे थोरले चुलते नाथांच्या भारुडात बाई व्हायचे. ‘मोडकेंसे घर, तुटकेंसे छप्पर’ म्हणायला लागले की बायाबापड्या डोळ्याला पदर लावून हसायच्या. काकूचं हिरवं लुगडं नेसायचे. कार्यक्रम मध्यरात्री संपायचा, पण घरी आले तरी ते लुगडं सोडायचे नाहीत. ओसरीवर कंदिलापाशी तसेच बसून राहायचे, तासभर तरी. पदर खांद्यावर नीट घेतलेला. मी बारा वर्षांचा असेन. एकदा काकूला विचारलं, काका लुगडं कधी सोडणार? ती म्हणाली, “बसू दे रे. बरं वाटतंय त्यांना.”

मी वर लिहिलं होतं, रात्री उतरवून ठेवायचे कपडे. ते तेवढं बरोबर नव्हतं.

मेघना, सिनेमा परत लावणार असलीस तर शेवटपर्यंत बसेन. खुर्ची कडेला ठेव, गुडघा आता खरंच दुखायलाय. खाण्यात सामोसे नकोत, मुरमुऱ्यांचा सुशीला कर. मुरमुरे मी आणतो.

प्रमोद