मदत हवी आहे: कारचं दार उघडलं, मी पडलो, आणि चूक म्हणे माझीच

मंडळी, रविवारी सकाळी गंगापूर रोडने सोमेश्वरकडे सायकलवर निघालो होतो. कडेला उभ्या कारचं दार चालकाने मागे न बघता उघडलं आणि मी थेट डांबरावर. मनगट फ्रॅक्चर, पुढचं चाक वाकडं. वर साहेब म्हणतात, "तुम्हीच रस्त्याच्या मधून चालवत होतात!" अहो, कडेला ओळीने गाड्या लावल्यात, मग सायकल न्यायची कुठून? (हेल्मेट होतं म्हणून हे लिहितोय.)

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याने थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, एवढं माहीत आहे. गाडीचा नंबर, फोटो आहेत. पण ४ दिवस झाले, तक्रार दिलेली नाही. आता दिली तर चालेल? तो निम्मा खर्च देऊन मिटवा म्हणतोय. दाव्याचा अनुभव कुणाला आहे का?