ई२० मुळे पेट्रोल स्वस्त होणार होतं ना?

हिशेबनीस

पेट्रोल महागलं की दोन उत्तरं ठरलेली: कर कमी करा, नाहीतर ऊस-धान्यापासून बनणारं इथेनॉल पेट्रोलमध्ये वाढवा (ई२० म्हणजे त्याचं प्रमाण २० टक्के). करांवर इथे पुरेशी हाणामारी झाली आहे, म्हणून हा धागा फक्त दुसऱ्या उत्तराचा. माझं मत असं की पेट्रोलमधलं इथेनॉल हे साखरधंद्याचं धोरण आहे. तसं उघड म्हणा, हरकत नाही. पण ते ऊर्जाधोरण म्हणून खपवू नका.

लिटरभर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, इथेनॉलमध्ये २१. म्हणजे एक लिटर पेट्रोलचं काम करायला दीड लिटर इथेनॉल लागतं. आता २०२४-२५ च्या पुरवठा वर्षाचे तेल कंपन्यांचे लिटरमागचे खरेदी दर बघा: सी हेवी मळीचं (साखर पूर्ण काढून उरलेली) ५७.९७ रुपये, बी हेवीचं (थोडी साखर शिल्लक असलेली मळी) ६०.७३, थेट उसाच्या रसाचं ६५.६१, मक्याचं ७१.८६. मक्याचा दर दीडने गुणला की १०८ रुपये होतात, तेही जीएसटी आणि वाहतूक सोडून. दुसरीकडे कच्चं तेल बॅरलला ७० डॉलर आणि डॉलर ८५ रुपये धरा. बॅरलमध्ये १५९ लिटर, म्हणजे लिटरला ३७-३८ रुपये. रिफायनरीचा खर्च चढवूनही करापूर्वीचं पेट्रोल त्या १०८ च्या निम्म्याच्या आसपासच राहतं. मग पंपावर स्वस्ताई येणार कुठून?

शिवाय महागाईला खरा हात डिझेलचा. देशात पेट्रोलच्या दुपटीहून जास्त डिझेल जळतं. भाजीचा टेम्पो, ट्रॅक्टर, मालट्रक यांच्या टाकीत इथेनॉल जातच नाही. बायोडिझेलचं उद्दिष्ट २०३० पर्यंत ५ टक्के, आणि प्रत्यक्षात आपण एक टक्काही गाठलेला नाही. त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

आणि जमीन. हेक्टरी ८० टन ऊस, टनाला ७० लिटर, म्हणजे ५,६०० लिटर इथेनॉल. पेट्रोलच्या भाषेत ३,७०० लिटर. १८ च्या ॲव्हरेजने मोटार ६६ हजार किलोमीटर चालेल. त्याच हेक्टरवर अर्धा मेगावॉट सौर पॅनल बसतात. मेगावॉटला वर्षाला १५ लाख युनिट धरले तर साडेसात लाख युनिट. वहन आणि चार्जिंगची २० टक्के गळती वजा करा, युनिटला ६ किलोमीटर धरा: ३६ लाख किलोमीटर. पन्नासपटीहून जास्त. पॅनलला पाटाचं पाणी लागत नाही, हे वेगळंच. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात उसापासूनच्या एका लिटर इथेनॉलला २,८६० लिटर पाणी धरलं आहे.

तिसरी पाळी

आकडे बरोबर, पण मांडणी एकांगी आहे.

तुम्ही ७० डॉलरचं तेल धरलंत. मार्च २०२२ मध्ये ब्रेंट काही काळ १३० च्याही वर गेलं होतं. त्या महिन्यात इथेनॉलचा दर एक पैशाने हलला नाही, कारण तो रुपयात आणि वर्षासाठी ठरलेला असतो. गरजेच्या ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल आयात करणाऱ्या देशाने थोडा महाग पण स्थिर माल घेणं यालाही धोरणच म्हणतात. इथेनॉल स्वस्त आहे असा दावा मीही करणार नाही.

तुमचा हिशेब फक्त उष्णतेवर आहे. इथेनॉलचा ऑक्टेन (इंजिनात ठोके न पडता जळण्याची क्षमता) १०८ च्या आसपास आहे आणि आपलं साधं पेट्रोल ९१. ऑक्टेन वाढवायला रिफायनरीला रिफॉर्मेटसारखे महागडे घटक मिसळावे लागतात, ते इथेनॉलमुळे वाचतात. तो पैसा कुठेतरी जमा धराल की नाही?

तिसरं, ऊस इथेनॉलसाठी लावला असं चित्र उभं करू नका. ऊस होताच, साखर जादा होतीच. ती खपवायला निर्यात अनुदान दिलं तर डिसेंबर २०२१ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या पॅनलने निकाल आपल्या विरोधात दिला. साखर गोदामात पडली की बँकेचं व्याज चढतं आणि १४ दिवसांत द्यायची एफआरपी (उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर) थकते. इथेनॉलचे पैसे साधारण तीन आठवड्यांत येतात. कारखान्याला रोकड मिळते, ऊस बिल वेळेवर निघतं. बगॅसवर (उसाच्या चिपाडावर) कारखाना स्वतःची वाफ आणि वीज करून उरलेली ग्रीडला देतो, प्रेसमडपासून (रस गाळून उरलेल्या गाळापासून) बायोगॅस निघतो. हे तुमच्या हेक्टरच्या हिशेबात कुठेच नाही.

कोरडवाहू

@तिसरी पाळी, "ऊस होताच" हे २०१८ पर्यंत ठीक होतं. ७ डिसेंबर २०२३ ला साखर कमी पडेल म्हणून केंद्राने रस आणि सिरपपासूनचं इथेनॉल एका फटक्यात बंद केलं. आठवडाभरात थोडी सूट दिली, पूर्ण बंदी उठायला ऑगस्ट २०२४ उजाडला. पण २० टक्क्यांचं उद्दिष्ट तिथेच. मग खड्डा कोणी भरला? मक्याने. त्या वर्षी धान्याचा वाटा उसाच्या पुढे गेला, आणि वर्षानुवर्षं मका निर्यात करणारा देश २०२४ मध्ये म्यानमार आणि युक्रेनमधून मका आणू लागला. तेलाची आयात कमी करण्यासाठी मक्याची आयात!

आता खाली काय होतं ते बघा. टनभर मक्यापासून ३८० लिटरच्या आसपास इथेनॉल निघतं आणि ३०० किलोच्या घरात डीडीजीएस (धान्याचा वाळवलेला चोथा) उरतो. त्यात २६ ते ३० टक्के प्रथिनं. तांदळाच्या डीडीजीएसमध्ये तर ४५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे सोयापेंडीच्या तोडीस तोड, आणि भावाने बराच स्वस्त. कोंबडीखाद्यवाले सोयापेंड सोडून तिकडे वळले. पेंड उठली नाही की तेलगिरण्या सोयाबीनला भाव देत नाहीत, कारण सोयाबीनमध्ये तेल जेमतेम १८ टक्के, बाकी पेंडच. २०२४ च्या हंगामात ४,८९२ रुपये हमीभाव असताना मराठवाड्यातल्या बाजार समित्यांत सोयाबीन त्याच्या खाली विकलं गेलं. पेंडीचे जागतिक भावही पडलेले होते, डीडीजीएस हे एकमेव कारण नाही. पण बागायतदाराचं बिल वेळेवर निघावं म्हणून कोरडवाहूच्या पिकाचा भाव पडतो, एवढं तरी "शेतकऱ्याच्या हिताचं" म्हणताना लक्षात ठेवा.

जेट नीडल

भाव-धोरण तुमचं चालू द्या. गाडीबद्दल दोन्ही बाजूंनी फेकाफेकी असते, तेवढं साफ करतो.

"२० टक्के इथेनॉल म्हणून २० टक्के ॲव्हरेज गेलं" हे गणितात बसत नाही. शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ई२० मध्ये ऊर्जा सुमारे ७ टक्के कमी, आणि ई१० शी तुलना केली तर साडेतीन टक्के. आपण २०२२ पासून ई१० वरच होतो. त्यामुळे १५-२० टक्के घट दिसत असेल तर टायरची हवा, अडकलेला ब्रेक, एअर फिल्टर आणि ऑक्सिजन सेन्सर आधी तपासा.

उलट "काहीच फरक पडत नाही" हेही खोटं. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांत रबर-धातू ई२० ला धरून आहेत. त्याआधीच्या, विशेषतः २०२० पूर्वीच्या कार्बोरेटरवाल्या दुचाकींत असं होतं:

पेट्रोलला हवा वजनाने १४.७ ला १ लागते, ई२० ला १३.५ च्या आसपास. कार्बोरेटरला हे कळत नाही, तो तेवढंच इंधन सोडतो. मिश्रण लीन होतं, म्हणजे हवा जास्त आणि इंधन कमी: सकाळी चोक जास्त वेळ लागतो, थ्रॉटल उघडताना झटका बसतो, चढावर इंजिन तापतं. मेन जेट (इंधन सोडणाऱ्या छिद्राचा भाग) एक नंबर वर घ्यायचा (९५ असेल तर ९८), एअर स्क्रू नव्याने लावायचा आणि प्लगचा रंग बघायचा. पांढरट म्हणजे अजून लीन, फिका तपकिरी म्हणजे बरोबर. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर वाचून ईसीयू (इंजिनाचा संगणक) इंधन वाढवतो, तिथे हा त्रास कमी. पण फुल थ्रॉटलला बहुतेक ईसीयू सेन्सरचं ऐकत नाहीत.

रबर: साधी नायट्राइलची नळी आणि ओ रिंग फुगतात, मग वाळल्यावर चिरतात. पेट्रोल कॉकची रिंग, फ्लोट बाऊलचं गॅस्केट, नीडल व्हॉल्व्हचं टोक, नळी. एवढे चार भाग इथेनॉल सोसणाऱ्या एफकेएम रबराचे टाकले की बराचसा प्रश्न मिटतो.

पाणी: इथेनॉल पाणी धरून ठेवतं, तोवर गाडी चालते. मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाणी एकत्र वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात, आणि कॉक असो वा पंप, दोघेही तळातूनच ओढतात. गाडी पंपावरून निघून दोनशे मीटरवर बंद पडते ती यामुळे. अशा वेळी वरून ताजं पेट्रोल ओतून उपयोग नाही, टाकी रिकामी करूनच भरावी लागते. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरा, म्हणजे आत दमट हवेला जागा राहत नाही, आणि फ्लोट बाऊल खालच्या स्क्रूने रिकामा करा.

वीजमापक

धागाकर्त्यांच्या पन्नासपटीत एक मेख आहे. ती वीज दुपारी असते, लोक गाडी रात्री लावतात. आणि रात्री ग्रीडमध्ये कोळसाच. २०२५ मध्ये बिगर-जीवाश्म स्थापित क्षमता निम्म्यावर गेली म्हणून पेढे वाटले, पण क्षमता वेगळी आणि निर्मिती वेगळी. प्रत्यक्ष युनिटमध्ये कोळसा तेव्हाही ७० टक्क्यांच्या आसपास होता. दुपारी वीज स्वस्त आणि संध्याकाळी महाग असा दर लावून, कार्यालयं आणि रेल्वे स्थानकांच्या वाहनतळांवर साधे ३.३ किलोवॉटचे पॉइंट दिले तर तो हिशेब खरा होईल. जलद चार्जरच्या उद्घाटनांनी नाही. दिवसभर आठ तास उभ्या गाडीला २५ युनिट मिळतात, म्हणजे दीडशे किलोमीटर.

हिशेबनीस

@वीजमापक, मान्य. पन्नासची वीसपट झाली तरी माझा मुद्दा टिकतो.

@तिसरी पाळी, बगॅस जमा धरा, ऑक्टेनही धरा. तरी बी हेवी आणि रसाचा दर २०२२-२३ पासून २०२५-२६ पर्यंत हलला नाही, आणि एफआरपी त्या काळात क्विंटलला ३०५ वरून ३५५ झाली. म्हणजे तुमचा "स्थिर दर" कारखान्याच्याच गळ्याशी आलाय. दर वाढवा अशी मागणी तुमचीच मंडळी करताहेत. वाढला की बोजा पुन्हा पेट्रोलवर.

माझी मागणी फार मोठी नाही. मळीचं इथेनॉल जेवढं निघेल तेवढं जरूर मिसळा. धान्य आणि थेट रस थांबवा. प्रमाण १०-१२ टक्क्यांवर आलं तर येऊ दे. आणि जुन्या गाड्यांसाठी ई१० वेगळ्या नोझलवर ठेवा, नीती आयोगाच्या त्याच अहवालात ते सुचवलेलं होतं.

तिसरी पाळी

दर वाढवा ही मागणी आहेच, ती लपवली कोणी? डिझेल महागतं, मजुरी वाढते, मग इथेनॉलचाच दर का गोठवायचा? आणि १० टक्क्यांवर परत जायचं तर २० टक्के धरून, कर्ज काढून उभ्या केलेल्या आसवन्यांचे हप्ते कोण भरणार, तेही लिहा.

वेगळ्या नोझलचं म्हणाल तर कागदावर सोपं आहे. शहरातल्या पंपाला प्रीमियमची तिसरी भूमिगत टाकी असते, ती वापरता येईल. गावाकडच्या लहान पंपाला बहुधा दोनच टाक्या, एक पेट्रोलची, एक डिझेलची. नवीन टाकी म्हणजे खोदकाम, पेसोची (ज्वालाग्राही पदार्थांच्या सुरक्षेची केंद्रीय संस्था) परवानगी, वेगळी पाइपलाइन, डेपोत वेगळा साठा, टँकरला वेगळा कप्पा. आणि जुन्या कार्बोरेटरच्या गाड्या सगळ्यात जास्त तिथेच आहेत.

जेट नीडल

म्हणून तर नळी आणि रिंगा बदला म्हणतोय. टाकी खोदून होईपर्यंत गाडी भंगारात जाईल.