लॅरावेल: बेदाण्याच्या पट्टीचा हिशोब मॉडेलमध्ये की कंट्रोलरमध्ये?

द्राक्षवेल

नमस्कार. मी तासगावची, बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझे मामा सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी आहेत. प्रोजेक्ट म्हणून त्यांच्यासाठी बेदाण्याच्या पट्टीचं वेब ॲप करतेय. शेतकऱ्याचा लॉट, बॉक्स किती, सौद्यात दर काय निघाला, हमाली-तोलाई जाऊन हातात किती, एवढं पट्टीवर यायला हवं.

आधी साध्या पीएचपीत एकाच फाइलीत केलं होतं. क्वेरी, गुणाकार, एचटीएमएलचं टेबल, सगळं वरून खाली. चालत होतं. मग मामा म्हणाले, हीच पट्टी शेतकऱ्याला व्हॉट्सॲपवर पाठवायला पीडीएफ पाहिजे, आणि संध्याकाळी मालकांना दिवसभराच्या सौद्यांची बेरीज. तोच गुणाकार तीन फाइलींत लिहावा लागणार, म्हणून लॅरावेल हे पीएचपीचं फ्रेमवर्क घेतलं.

व्हिडिओ बघून व्याख्या पाठ झाल्यात. मॉडेल म्हणजे डेटा, व्ह्यू म्हणजे दिसणारं पान, कंट्रोलर म्हणजे मधला दुवा. पण निव्वळ रकमेचं सूत्र हातात घेतलं की ते यातल्या कुणाचं हेच कळत नाही. सध्या कंट्रोलरमध्ये आहे आणि पट्टी साठवणारी स्टोअर मेथड दोन स्क्रीन लांब झालीय. शिवाय प्रत्येकाची आकृती वेगळी. एकीत मॉडेलकडून व्ह्यूकडे बाण असतो, दुसरीत नसतो. खरी कोणती?

गणपतीपेठ

अगं, नेमक्या जागी अडली आहेस. मी यार्डातल्या दुकानांसाठीच सॉफ्टवेअर करते, तेव्हा तुझ्या पट्टीवरच बोलू.

सूत्र मॉडेलमध्ये जाईल. दुकानात कॉम्प्युटर नसता, नुसती वही असती, तरी तो हिशोब तसाच झाला असता. चाळीस बॉक्स, एक बॉक्स पंधरा किलोचा, म्हणजे ६०० किलो. दर १८० निघाला की १,०८,००० रुपये. त्यातून हमाली, तोलाई वजा. यात ब्राउझरचा कुठे संबंध आला? प्रत्येक ओळ लिहिताना विचार, हे वहीतही खरं असतं का? असतं तर ती मॉडेलची.

कंट्रोलरकडे मग थोडंच उरतं. फॉर्ममधले आकडे तपासायचे, लॉगिन केलेल्या माणसाला पट्टी करायची परवानगी आहे का पाहायचं, मॉडेलला पट्टी करायला सांगायचं आणि तयार पट्टीच्या पानावर रिडायरेक्ट करायचं. हे रिडायरेक्ट गाळू नकोस. फॉर्म पाठवणाऱ्या पोस्ट रिक्वेस्टच्या उत्तरातच पान दाखवलंस आणि मामांनी रिफ्रेश दाबून ब्राउझरच्या सूचनेला होकार दिला, तर तीच पट्टी दुसऱ्यांदा पडेल.

ब्लेडमध्ये, म्हणजे लॅरावेलच्या व्ह्यूच्या फाइलीत, फक्त मांडणी. लाख-हजारांचे स्वल्पविराम, तारीख, ठळक अक्षरं. तिथे गुणाकार दिसला की उचलून मॉडेलमध्ये न्यायचा. मग स्क्रीन, पीडीएफ आणि मालकांची बेरीज, तिन्ही एकाच ठिकाणी विचारतात आणि तिन्हींना एकच उत्तर मिळतं.

जागा बरोबर पडली का हे बघायला टिंकर, म्हणजे लॅरावेलचा कोड थेट चालवून बघायची कमांड लाइन, उघड. ब्राउझर न उघडता एक पट्टी घे आणि तिला निव्वळ रक्कम विचार. आकडा आला तर झालं. रिक्वेस्टशिवाय आकडा निघत नसेल तर सूत्र अजून कंट्रोलरमध्ये अडकलंय.

आता जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते. हमालीचा दर दर वेळी सेटिंगच्या टेबलातून वाचू नकोस. पट्टी झाली त्या दिवशीचा दर त्या पट्टीच्या रेकॉर्डमध्येच साठव. नाहीतर पुढे हमाली वाढली की गेल्या हंगामाची पट्टी परत छापताना वेगळा आकडा येतो, आणि समोर शेतकरी जुना कागद घेऊन उभा असतो. त्या कागदावर त्याचं वर्षाचं पीक आहे. द्राक्षं रॅकवर वाळवली, माल कोल्ड स्टोरेजला टाकला, दराची वाट बघितली, आणि मग ती पट्टी हातात आली. तू तासगावची, तुला हे मी काय सांगायचं. त्या आकड्यात एक रुपयाही हलता कामा नये.

म्हणूनच पैसे फ्लोटमध्ये, म्हणजे अंदाजे साठणाऱ्या दशांश संख्येत, ठेवायचे नाहीत. फ्लोटमध्ये ०.१ आणि ०.२ ची बेरीज नेमकी ०.३ येत नाही. रक्कम रुपयांऐवजी पैशांमध्ये, पूर्णांक म्हणून साठव. डेसिमल कॉलम घेतलास तरी पीएचपीत त्यावर साधी बेरीज-वजाबाकी केलीस की तो फ्लोटच होतो.

बाणाबद्दल. एमव्हीसी, म्हणजे ही मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलरची विभागणी, वेबसाठी जन्मलेली नाही. १९७९ मध्ये ट्रिग्वे रीन्सकॉग या नॉर्वेजियन संशोधकाने झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रात, स्मॉलटॉक या प्रोग्रामिंग भाषेवर काम करताना ती मांडली. तिथे व्ह्यू पडद्यावर सतत जिवंत असायचा. मॉडेल बदललं की ते व्ह्यूला कळवायचं आणि व्ह्यू स्वतःला पुन्हा रंगवायचा. तो बाण त्या कळवण्याचा. वेबवर रिक्वेस्ट आली, एचटीएमएल गेलं, काम संपलं. नंतर मॉडेल बदललं तरी कळवायचं कुणाला? २००४ मध्ये रेल्स हे वेब फ्रेमवर्क आलं, पाठोपाठ बाकीचे फ्रेमवर्क आले. त्यांनी तीन वाटे ठेवले, तो बाण गेला. तुझ्या लॅरावेलसाठी बाण नसलेली आकृती घे.

मिरज_जंक्शन

ताईंचं सगळं पटलं. तरी एक सांगतो. लॅरावेल थोडं बाजूला ठेवून साध्या पीएचपीत एक छोटं एमव्हीसी हातानं करून बघ. सगळ्या रिक्वेस्ट एकाच इंडेक्स फाइलीत येतील, तिथे कोणता पत्ता कुठल्या कंट्रोलरकडे जातो हे सांगणारी रूटची एक ॲरे, आणि तीन फोल्डर. लॅरावेल पडद्यामागं काय करतंय ते तिथं उघडं दिसतं.

संध्याकाळच्या यादीत प्रत्येक पट्टीसमोर शेतकऱ्याचं नाव दाखवणार असशील तर क्वेऱ्या मोजून बघ. लूपमध्ये नाव मागितलंस तर २०० पट्ट्यांना २०१ क्वेऱ्या जातात. पट्ट्या आणतानाच लॅरावेलची ‘विथ’ मेथड लावून शेतकरीही सोबत आणलेस की दोनच. हेही कंट्रोलरमध्ये ठरवायचं, ब्लेडमध्ये नाही.

सर्व्हिस, रिपॉझिटरी असले थर व्हिडिओत दिसतील. एवढ्या ॲपला नकोत. पुढे जँगो या पायथनच्या फ्रेमवर्कमध्ये गेलीस तर व्ह्यूजच्या फाइलीत कंट्रोलरचं काम आणि टेम्प्लेटमध्ये तुझं ब्लेड, एवढं लक्षात ठेव, बाकी विचार तोच.

द्राक्षवेल

ताई, टिंकरनं लगेच कळलं. सूत्र पट्टीच्या मॉडेलमध्ये नेलं, स्टोअर मेथड एका स्क्रीनच्या आत आली. पीडीएफला नवीन गणित लिहावंच लागलं नाही. दादा, ‘विथ’ पण लावलं.

पण मामा म्हणतात, शेतकऱ्यानं हंगामात घेतलेली उचल पट्टीतूनच वळती करतात. मग उचल पण हमालीसारखा पट्टीतला एक कॉलम करू का?

गणपतीपेठ

नको. हमाली त्या लॉटची आहे, लॉट विकला की ती ठरते. उचल शेतकऱ्याच्या नावावर आहे. ती पाच लॉटमध्ये थोडी थोडी वळती होईल, किंवा पुढच्या हंगामावर जाईल. कॉलम केलास तर बाकी किती राहिली हे काढायला प्रत्येक वेळी सगळ्या पट्ट्या चाळाव्या लागतील.

शेतकऱ्याचं खातं वेगळं मॉडेल कर. उचल दिली की त्यात नावे नोंद, पट्टीतून वळती केली की जमा नोंद, आणि जमेच्या नोंदीत त्या पट्टीचा आयडी फॉरेन की, म्हणजे पट्टीच्या टेबलाशी जोडणारा दुवा, म्हणून. छापील पट्टीवर उचल दिसायला हवीच, पण व्ह्यूनं ती खात्याच्या नोंदीतून दाखवायची.

पट्टी आणि खात्याची नोंद एकाच डेटाबेस ट्रान्झॅक्शनमध्ये साठव. पट्टी पडली आणि नोंद अडकली, तर शेतकऱ्याला पैसे कमी मिळतात आणि त्याची उचल मात्र खात्यावर तशीच राहते. असं अर्धं काही साठता कामा नये. हा ट्रान्झॅक्शनही मॉडेलच्याच मेथडमध्ये लिही. उद्या मामांसाठी मोबाइल ॲप केलंस तर त्याचा कंट्रोलर वेगळा असेल, पण वळतीचा नियम हाच लागेल. खात्याचं टेबल तयार करणारी मायग्रेशनची फाइल लिहून झाली की इथे टाक, मी बघते.