आपल्या वऱ्हाडी बोलीतले पिच्चर सांगा ना भौ

कापूसवाला: काल मोबाईलवर 'झुंड' पाह्यला, 2022 चा. नागपूरचे पोट्टे नागपूरसारखेच बोलतेत, लय भारी वाटलं. बच्चन मास्तर झाला ते ठीक, पण खरी मजा पोट्ट्यायचीच. आमचा बुढा एरवी पिच्चर लावला का झोपते, तोबी जागा होता. असं अजून काई आहे का? फ्लॅटमधले पिच्चर नका सांगू, कंटाळा आला.

पराटी_५२: 'गाभ्रीचा पाऊस' पाह्य, 2009 चा, सतीश मनवरचा. गिरीश कुलकर्णी अन् सोनाली कुलकर्णी आहेत. शेतकरी नवरा जिवाचं काई करून घेईन ह्या भेवानं बायको पोराले त्याच्या मागं मागं धाडते, मधात हसू येते अन् मंग तेच टोचते. बुढ्यासंग पाहू नको पण. आमच्या घरी पिच्चरमधला दुबार पेरणीचा सीन आला अन् सगळे चूप, कोणी च्याबी घेतला नाही.

तंबूवाला: 'सैराट' कोणी सांगीन त्याच्या आधी, थो करमाळ्याकडचा आहे, बोली येगळी. मले तं जत्रंतल्या टुरिंग टॉकीजची आठवण येते, रीळ तुटलं का शिट्ट्या!

कापूसवाला: बरं, एकट्यानंच पाहतो. वावरात रेंज आली तं.