पदवीनंतर घरी असताना दिवस घड्याळाने बांधावा की हंगामाने? (टोपणनावांनी झालेली चर्चा)

पांदणवाट (दारव्हा तालुका, यवतमाळ)

बी.एस्सी. होऊन मला दोन वर्षे झाली, घरी राहून सरकारी भरतीच्या परीक्षांची तयारी करतो आहे. महाविद्यालयात असताना सकाळी सातची एस.टी. चुकली की दिवस बुडाला, एवढे एकच वेळापत्रक होते आणि ते आपोआप पाळले जात होते. पदवी मिळाली, एस.टी.चा पास संपला आणि त्याबरोबर दिवसाची चौकटही गेली.

मागच्या महिन्यात मी चार दिवस मिनिटांचा हिशेब वहीत लिहून पाहिला. त्यातला एक दिवस जसाच्या तसा देतो. ७.४० ला अंकगणित घेऊन बसलो. ८.०५ ला शेजारचे काका ई-पीक पाहणीसाठी, म्हणजे पिकाच्या सरकारी नोंदीसाठी, मोबाइल घेऊन आले. गट क्रमांक शोधला, पण पिकाचा फोटो शेतात उभे राहूनच काढावा लागतो म्हणून त्यांच्यासोबत निघालो. परत यायला साडेदहा वाजले. ११.१५ ला वडिलांच्या खात्याच्या केवायसीसाठी तालुक्याला गेलो, बँकेत रांगेत उभा राहिलो आणि २.५० ला घरी आलो. त्यानंतर झोप, मग मोबाइल, मग मारोतीचा पार. रात्री ९.१० ते १०.२५ वाचन. एकूण अभ्यास १ तास ४० मिनिटे. त्या संध्याकाळी मला कोणी विचारले असते, तर ‘दिवसभर अभ्यासच सुरू आहे’ असे मी अगदी प्रामाणिकपणे सांगितले असते.

सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ साली असे मांडले होते की, हाती जेवढा वेळ असेल तेवढे काम पसरत जाते. त्यांचा रोख सरकारी कचेऱ्यांवर होता, परंतु घरी बसलेल्या पदवीधराला तो अधिक लागू पडतो. म्हणून माझे मत असे आहे की, नोकरीवर असल्यासारखे तास ठरवावेत, ते घरी आणि शेजारी स्पष्ट सांगावेत, आणि त्या तासांत कोणाचेही काम घेऊ नये. मी स्वतः २५ मिनिटे काम आणि ५ मिनिटे विश्रांती ही फ्रांचेस्को चिरिलो यांची पद्धत वापरू लागलो आहे. त्यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस विद्यार्थीदशेत टोमॅटोच्या आकाराचे स्वयंपाकघरातले घड्याळ लावून ती सुरू केली होती. मला मोबाइलचा गजर पुरतो.

पऱ्हाटी (मंगरूळपीर, वाशिम)

आपला हिशेब प्रामाणिक आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. नोकरीसारखे तास ठरवणे त्यालाच जमते, ज्याच्या जेवणाची आणि फीची सोय दुसरे कोणी करत असते. आमची सहा एकर कोरडवाहू आणि दोन एकर ओलिताची जमीन आहे, सालदार (वर्षभराचा गडी) ठेवणे परवडत नाही, आणि सोयाबीनची सोंगणी आली की घरातला प्रत्येक हात लागतो. गंजी लावून ठेवली आहे, आभाळ भरून आले आहे, आणि हडंबा (मळणी यंत्र) उद्या दुसऱ्याच्या शेतात जाणार आहे. अशा वेळी ‘माझा अभ्यासाचा तास आहे’ असे वडिलांना सांगणारा मुलगा मला शिस्तीचा वाटत नाही.

मी दिवसाचे नियोजन सोडून दिले आणि वर्षाचे करू लागलो. जून-जुलै पेरणी, डवरणी आणि निंदणाचे, तेव्हा रोज एक तास वाचन झाले तरी पुष्कळ. ऑगस्टमध्ये थोडी उसंत मिळते. सप्टेंबरच्या अखेरीपासून दिवाळीपर्यंत पुस्तकाला हात लावण्याचा आव मी आणत नाही, त्यामुळे मनाला टोचणीही लागत नाही. तूर घरात आली, कापसाची उलंगवाडी (शेवटची वेचणी) झाली, हरभरा निघाला, की मार्चपासून मेच्या मध्यापर्यंत रोज सात-आठ तास सहज मिळतात, कारण आपल्याकडच्या उन्हात दुपारी बारा ते चार कोणी शेतात जात नाही आणि कोणी हाक मारायलाही येत नाही. वर्षाची बेरीज केली तर तुमच्या रोजच्या ठरावीक तासांपेक्षा ती कमी भरणार नाही.

हरभऱ्याच्या ओलिताला रात्रपाळीची वीज असते, तेव्हा मी स्प्रिंकलरचे पाइप बदलून मोटारीच्या खोलीत दिव्याखाली बसतो. पुढचा पाइप बदलेपर्यंत तीन तास असतात. रानडुकरे हुसकायला मध्ये दोनदा उठावे लागते, तेवढे सोडले तर इतकी शांतता अभ्यासिकेतही मिळत नाही. आधुनिक भारताचा इतिहास माझा तिथेच पूर्ण झाला.

आंबियाबहार (वरूड तालुका, अमरावती)

दोन्ही मते वाचली आणि दोन्ही मुलांची आहेत हे न सांगताही कळले. पऱ्हाटी यांच्या मार्च ते मेमधल्या शांत दुपारींत घरातल्या मुली काय करत असतात, हे त्यांनी एकदा पाहावे. वर्षाचे पापड, कुरड्या, सरगुंडे आणि वाटणघाटण त्याच दिवसांत होते, आणि लग्नसराईही त्याच दिवसांत असते. मी एम.ए. करून घरी आले तेव्हा शेजारच्या मुलाबद्दल ‘तयारी करतो आहे’ असे बोलले जात होते, आणि माझ्याबद्दल ‘घरीच आहे’ असे. या दोन वाक्यांतच दोघांच्या वेळेची किंमत ठरून गेली होती. पाहुणे बघायला येणार म्हटले की आधीचा आणि नंतरचा असे दोन दिवस जातात, आणि त्यांची तारीख मला विचारून ठरत नाही.

त्यामुळे तास जाहीर करण्याचा पांदणवाट यांचा सल्ला मला उलट महागात पडला. मी सांगितले आणि त्यावर घरात तीन दिवस चर्चा झाली. त्यानंतर मी काहीच जाहीर करणे सोडले. गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक ध्यानासाठी आजोबा पहाटे उठतात, त्यांच्यासोबत मीही उठते आणि घर जागे होईपर्यंतचे दोन तास कोणाला न विचारता घेते. हे नियोजन नव्हे, ही चोरी आहे. पण दीड वर्षात एकही दिवस ती पकडली गेली नाही.

अभ्यासिकेतला (तालुक्याचे ठिकाण)

पऱ्हाटी यांनी अभ्यासिकेचा उल्लेख केला म्हणून लिहितो. मी महिन्याचे पैसे भरून येथे बसतो. सकाळी सातला बॅग ठेवून जागा धरायची, नऊला चहा, अकराला नाष्टा, कोणत्या भरतीची जाहिरात कधी येणार यावर तासभर खल, आणि रात्री नऊला घरी जाऊन ‘चौदा तास बसलो’ असे सांगायचे. पांदणवाट यांनी त्यांची वही आणून इथल्या चाळीस जणांचा हिशेब लिहावा. चार तासांच्या वर फार थोडे जातील.

फळा-खडू (निवृत्त शिक्षक, बुलढाणा जिल्हा)

तास कसे लावावेत यावर सर्वांनी पोटतिडकीने लिहिले, पण ते कशासाठी आणि किती वर्षे लावावेत, हे कोणी लिहिले नाही. २०२३ च्या तलाठी भरतीत ४६४४ पदांसाठी १० लाखांहून अधिक अर्ज आले होते. म्हणजे एका पदामागे दोनशेहून अधिक उमेदवार. त्यांतले शेकडो जण काटेकोर वेळापत्रक पाळणारे असतील, आणि तरीही त्यांतले बहुतेक घरी परतले. पोलीस भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर १६०० मीटर धावणारी मुले मी रोज पाहतो. त्यांच्या मेहनतीबद्दल शंका नाही. परंतु त्यांतले काही जण चार-पाच वर्षांपासून त्याच रस्त्यावर आहेत.

माझ्या मते वेळेच्या नियोजनात पहिली नोंद शेवटच्या तारखेची असावी. दोन प्रयत्न किंवा तीन, जे ठरेल ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून वडिलांची सही घ्यावी, आणि त्या काळातही दिवसाचे दोन तास कमाईच्या कामाला द्यावेत.

पांदणवाट

सर, आदर ठेवून सांगतो की, निवृत्तिवेतन घेणाऱ्याला शेवटची तारीख सुचवणे सोपे असते. जाहिरातच दोन-दोन वर्षे येत नाही, तेव्हा प्रयत्न मोजायचे तरी कसे? मात्र वर्षांऐवजी वयाची मर्यादा लिहून ठेवता येईल, एवढे मान्य करतो, आणि वयाची २७ वर्षे ही माझी मी आजच लिहिली आहे. कमाईच्या कामाचेही मान्य आहे. गावातले सगळे अर्ज मी फुकट भरून देतो, त्याचे वीस-तीस रुपये घेतले असते तर निदान गर्दी तरी कमी झाली असती.

आंबियाबहार यांच्याबाबत माझे चुकले. तास जाहीर करण्यासाठीही घरात आधी थोडी पत असावी लागते, हे माझ्या लक्षात आले नव्हते. पऱ्हाटी यांना मात्र माझा विरोध कायम आहे. सोंगणीचे दिवस सोडून द्यावेत हे ठीक, पण माझा दिवस सोंगणीने खाल्ला नाही, तो लहानसहान कामांनी आणि पारावरच्या गप्पांनी खाल्ला, आणि ती कामे बाराही महिने असतात. त्यांना हंगाम नाही, म्हणून त्यांना घड्याळच लागते. सोमवारपासून मी दारावर पुठ्ठ्याची पाटी लावतो आहे: ‘ऑनलाइन अर्ज बुधवारी आणि रविवारी, सायंकाळी पाच ते सात.’

पऱ्हाटी

पाटी अवश्य लावा, पण तिच्यात एक ओळ वाढवा. पीक विम्यात नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत द्यावी लागत असे, तेव्हाचा आमच्या गावातला प्रसंग आहे. गुरुवारी रात्री पाऊस पडला आणि एका म्हाताऱ्या बाईंचे शेत पाण्याखाली गेले. त्यांच्याकडे साधा मोबाइल होता आणि अर्ज भरणारा मुलगा परीक्षेला गेला होता. तो सोमवारी सकाळी आला, तेव्हा मुदत संपली होती. तो मुलगा मीच होतो. ‘नुकसान झाले असल्यास केव्हाही दार वाजवावे’ असे खाली मोठ्या अक्षरांत लिहा.

पांदणवाट

लिहितो. अभ्यासाच्या वेळेत मोबाइल बंद ठेवायचे ठरवले होते, तोही मग चालूच ठेवावा लागेल.