हक्कसोडपत्रावर सही मागतायत. बागेत राबणाऱ्या बहिणीचं काय?

कलमांची_लेक (माहेर राजापूर, सासर देवगड)

नमस्कार. जरा लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या.

बाबा गेल्या पावसाळ्यात गेले. मागे आई, दोन भाऊ, मी आणि धाकटी बहीण. मोठा दादा नालासोपाऱ्याला, धाकटा रत्नागिरीत नोकरीला. बहिणीचा नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत वारला, तेव्हापासून ती पोरीला घेऊन माहेरीच आहे. हापूसची कलमं, काजू, खाली मळ्यातला थोडा भात, सगळं तीच बघते. मोहोरावर तुडतुडे दिसले की फवारणी कधी घ्यायची ते ती ठरवते. वानरांमागे ती धावते. सकाळी गड्यांच्या हातात झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी) देऊन त्यांना झाडावर चढवते, दुपारी पडवीत बसून पेट्या भरते आणि पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाची रक्कम, कमी आली तर वाशीच्या दलालाशी फोनवर भांडतेही तीच. बाबा शेवटी खाटेवरच होते, त्यांचंही तिनेच केलं.

पण सोसायटीचं पीककर्ज बाबांच्या नावावर, आंब्याचा विमा बाबांच्या नावावर. आता बाबा नाहीत, तर ती सरकारदरबारी शेतकरीच नाही. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणजे कर्ज नाही, विमा नाही, शेतकऱ्याचा ओळख क्रमांकही नाही.

गणपतीत सगळे जमलो होतो. जेवणं आटोपल्यावर दादाने कागद काढले. वारस नोंद करायची, पण सातबाऱ्यावर नावांची गर्दी नको, म्हणून आम्ही दोघी बहिणींनी हक्कसोड लिहून द्यायचं. मी सही केली नाही. बहीण उठून मागीलदारी गेली. आई म्हणते, "भावांशी वाकडं घेऊ नको गो बाय. उद्या माहेर म्हणून कुठे येशील?"

"मला हिश्शाची हाव नाही" असं मी लिहिणार नाही. आम्हा बायकांना आधी हे म्हणून मगच तोंड उघडावं लागतं. मला माझा हिस्सा हवा आहे, आणि बहिणीचा तर हवाच हवा.

जास्त लागलं ते दादाचं एक वाक्य: "घरातल्या गोष्टीत कायदा आणायचा नसतो." आमचा आजा खोताचा कूळ होता. पिकवायचा तो, आणि पीक जायचं खोताच्या कोठारात. 1949 च्या कायद्याने खोती गेली, 1 एप्रिल 1957 ला कूळकायद्याने कसणारा मालक ठरला, तेव्हा कुठे आज्याचं नाव लागलं. तेव्हाही गावातले मोठे लोक त्याला हेच सांगत होते म्हणे, की पिढ्यान् पिढ्या खोताचं मीठ खाल्लंस, आता त्याच्यावर कायदा लावतोस? आजा डगमगला नाही म्हणून दादाला आज ही कलमं दिसतायत. कसेल त्याची जमीन हे आमच्या घराला मान्य होतं. मग कसणारी मुलगी असली की ते का बदलावं?

विचारायचं ते असं. सही केली नाही तर आमची नावं लागतील का? माझं लग्न 1992 सालचं, त्यामुळे माझा हक्क जातो असं एकाने सांगितलं. खरं आहे का?

---

मंडळातला_जुना

ताई, महसूल खात्यात आयुष्य गेलं, म्हणून स्पष्ट सांगतो. वारस म्हणून नाव लावायला सही लागत नाही. सही लागते ती नाव काढायला. हे गावात कोणी सांगत नाही.

लग्नाचा गोंधळ 1994 मुळे आहे. 22 जून 1994 ला महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या वगळल्या होत्या. हिंदू वारसा कायद्यातल्या 9 सप्टेंबर 2005 च्या केंद्राच्या दुरुस्तीने ती अट उरली नाही. 11 ऑगस्ट 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने तर हेही सांगितलं की हा हक्क मुलीला जन्मानेच मिळतो, 2005 साली वडील हयात असण्याची गरज नाही. मोठी अडचण येऊ शकते ती ही: 20 डिसेंबर 2004 च्या आधी नोंदणीकृत किंवा कोर्टामार्फत वाटप झालं असेल तर. "तोंडी वाटप झालंय" एवढं म्हणून भागत नाही.

बाबांनी मृत्युपत्र केलेलं नसेल, तर जमीन आज्याकडून आलेली वडिलोपार्जित धरा की बाबांची स्वतःची धरा, दोन्ही हिशोबांनी आई आणि तुम्ही चार भावंडं, प्रत्येकी पाचवा हिस्सा. सातबाऱ्याच्या इतर हक्कात कूळकायदा कलम 43 चा (परवानगीशिवाय जमीन विकू नये असा) शेरा असला तरी वारस नोंदीला त्याची आडकाठी नाही.

आणि हक्कसोड नोंदणीकृतच लागतं. तलाठ्यापुढे साध्या कागदावर "आमची हरकत नाही" असं लिहून घेण्याचा प्रकार अजून चालतो. तसल्या कागदावर बहिणीलाही सही करू देऊ नका. फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावबदलाची, नोटीस आल्यावर हरकतीला 15 दिवस असतात, त्यावर लक्ष ठेवा.

---

गावचा_थोरला

ताई, राग मानू नका, मी भावाच्या जागी आहे. दोन बहिणी, दोघी मुंबईत. बागेचं खत, फवारणी, राखणीचा पगार सगळं मी घालतो. एखाद्या वर्षी थंडी उशिरा पडली की मोहोर उशिरा येतो, आंबा मे अखेरीस येतो आणि पावसात सापडतो. तो तोटा मी एकट्याने सोसतो. देवाचं, घरचं, पाहुण्यांचं माझ्याकडेच. मग हिस्सा सारखा कसा? शिवाय कर्ज काढायचं तर प्रत्येक वेळी सगळ्यांच्या सह्या गोळा करा.

---

चरीजवळचा (अलिबाग)

थोरले दादा, तुमचा खर्च खरा आहे, तो हिशोबात धरावा. पण त्यासाठी बहिणीचं नावच पुसायला कशाला हवं?

ताई, तुमच्या आज्याबद्दल वाचून राहवलं नाही. आमच्याकडे चरीत 1933 ला कुळांनी खोतांच्या जमिनी कसायच्या नाहीत असं ठरवलं. नारायण नागू पाटील पुढे होते. संप 1939 पर्यंत चालला. मधेच, 17 सप्टेंबर 1937 ला, बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. शाळेत आम्हाला हे पुढाऱ्यांच्या नावांनी शिकवतात, आणि शिकवायलाच हवं. पण शेतं पडीक असताना घरं चालली कशी? आमची पणजी डोक्यावरून लाकडाच्या मोळ्या नेऊन विकायची. पोरांच्या पोटात काय पडलं असेल ते त्या मोळ्यांतून. पुढे जमीन मिळाली तेव्हा नावं लागली पणजोबांची आणि त्यांच्या भावांची. मोळ्या वाहणारीचं नाव एकाही उताऱ्यावर नाही. मी जुने फेरफार काढून बघितलेत.

आता आमच्याकडे जमिनीला गिऱ्हाईक आलं की आत्याला गाडी पाठवून आणतात, साडी नेसवतात आणि सही घेतात. एरवी तिची आठवणही नसते. तुम्ही सही केली नाहीत, फार बरं केलंत.

---

कलमांची_लेक

सगळ्यांचे आभार. जुने काका, 1992 ची भीती गेली, मोठं ओझं उतरलं.

थोरले दादा, तुमच्यावर राग नाही. तुम्ही बागेत राबता, तुमच्या कष्टाचा मोबदला आधी वेगळा काढावा आणि मग उरलेल्याचा हिस्सा करावा, हे मला पटतं. पण मग हाच नियम माझ्या बहिणीला लावा. आमच्याकडे बागेत राबणारी ती आहे आणि नावं लावायची निघालीयत न राबणाऱ्यांची. म्हणजे राबण्याचा मुद्दा भाऊ राबला तरच मोजायचा का? सह्यांचा त्रास म्हणाल, तर कराराने बाग देता येते, संमतीपत्र करता येतं. त्रास आहे, पण तो सगळ्यांना सारखा आहे.

बहिणीला हे सगळं फोनवर वाचून दाखवलं. तिने एवढंच विचारलं, "माझ्या नावावर विमा उतरेल?" आम्ही दोघी सोमवारी तलाठी कार्यालयात जातोय. दादाला आधी फोन करून सांगणार आहे, लपवून काही करायचं नाही.

काका, आईचं नावही लागेल ना? ती म्हणते, माझं कशाला.

---

मंडळातला_जुना

लागेल, लागायलाच हवं. पाचवा हिस्सा त्यांचा आहे आणि म्हातारपणी तो त्यांच्या हातात राहू दे. अर्जासोबत मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं-पत्ते आणि प्रतिज्ञापत्र जोडा. भावांची नावं वगळू नका, नाहीतर तुमचाच अर्ज अडेल. ऑनलाइन ई-हक्क प्रणालीवरूनही अर्ज करता येतो. कार्यालयात दिलात तर पोच घेतल्याशिवाय उठू नका.